सातव्या लॉटचं तेल

भद्रावती,
१८ ऑगस्ट २०२३

प्रिय बाई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. धानोऱ्यात धानाची रोवणी उरकली असेल. तुझी नंदिनी बाळंतपणातून सावरली का? बाळ मान धरतं का?

परवा फोनवर मी म्हणालो, बाळाच्या मालिशची बाटली फेकून दे. तू विचारलंस, "काऊन रे? इतकं महागाचं तेल!" मी म्हणालो, जुनं झालं. दोन महिन्यांचं तेल जुनं! आणि तू ऐकून घेतलंस, कारण भाऊ शिकलेला. त्याचीच मला किळस आली. फोनवर तोंडातून निघणार नाही म्हणून लिहितो.

तुमच्या बचत गटाची चारोळी आमच्या कारखान्यात येते, पण घाण्यावर जात नाही. आम्ही तेल काढतो ते सोडावॉटरमधल्या वायूनं, कार्बन डायऑक्साइडनं. लोखंडी टाकीत तो अंगात ताप असावा तेवढा गरम ठेवायचा आणि हवेच्या तीनशेपट दाबानं कोंबायचा. मग तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. वायूसारखा दाण्याच्या बारीक फटींत शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून घेतो. पुढच्या टाकीत दाब सोडला की तो उडून जातो, तेल खाली उरतं. स्वतःचा मागमूस ठेवत नाही. म्हणून डब्यावर हिरवं पान काढून 'रसायनमुक्त' छापतात. पहिल्या वर्षी ते पान बघून मी फुगलो होतो. आता ते पान खोटं वाटतं.

कारण हा वायू साखरेला हात लावत नाही, पण तेलात विरघळणारं जे जे असेल ते ओढतो. दाब जितका जास्त, तितकं जास्त. चांगलं-वाईट त्याला कळत नाही.

मे महिन्यात मी पोती न्यायला आलो तेव्हा तू म्हणालीस, "एक किडा दिसन तर बोल. बियाण्याच्या धानाले टाकतो तेच पांढरी पावडर टाकली." मी हसलो. किडका माल परत पाठवीन असा दम मीच दिला होता ना! बियाणं पेरायचं असतं, चारोळी पोटात जाते, तिचं तेल बाळाच्या अंगाला लागतं. हे तुझ्याआधी मला सुचायला हवं होतं. ती कीटकनाशकाची पावडर तेलात विरघळते, बाई. पोतंभर दाण्यांवर पसरलेली होती, आम्ही ती गोळा करून तेलात आणली.

परवा तपासणीचा कागद आला. सातवा लॉट नापास; त्या पावडरीचा आकडा मर्यादेबाहेर. बाळाची बाटली त्याच लॉटची, तपासणीआधीच मी तुला आणून दिलेली. मी पहिला फोन तुला केला.

फोन ठेवला तर समोर आमचे मॅनेजर, श्रीहरी साहेब. चहा पीत होते. "अरे यार, चांगल्या मालात मिसळून टाक, आकडा खाली येते. कोण पाहून राह्यलं?" बिस्किट चहात पडलं, ते त्यांनी बोटानं काढून खाल्लं आणि त्याच ओल्या बोटानं 'पास'च्या कागदावर सहीची जागा दाखवली.

मी सही केली. आपल्या बाळाची बाटली फेकायला लावली आणि दहा मिनिटांत दुसऱ्यांच्या बाळांच्या डब्यांवर सही केली. हे तुला सांगायचं राहिलं होतं. दोन दिवस त्या माणसाच्या नावानं थुंकलो, पण सही माझीच होती.

आज सकाळी चंद्रपूरला जाऊन अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तपासणीच्या कागदाची नक्कल दिली. मी खोट्या कागदावर सही केली, असं लिहून दिलं. डबे अजून गोदामातच आहेत. नोकरी गेली समज. यंदा तुमची चारोळीही पडून राहील, आणि गटातली बुधरी तुलाच बोल लावेल. तरी कोणी विचारायला आलं तर पावडर लपवू नका. दम कोणी दिला होता तेही सांग. भावाची बाजू घेऊ नको.

सोबत त्याच कागदाची आणखी एक नक्कल आहे. ती घेऊन बाळाला पत्र मिळताच डॉक्टरला दाखव. अंगावर काही उठलेलं नसलं तरी दाखव.

खाली सही करत नाही. नुसतं नाव लिहितो.

तुझा धाकटा,
प्रफुल