आच्छादनातल्या पऱ्हाट्या

मंगळवार, दिवेलागणीनंतर

वांग्याच्या वाफ्यांत कपाशीच्या जुन्या पऱ्हाट्या, वाळलेली झाडं, अंथरल्या, जमीन झाकली म्हणून केवढा सुखावलो होतो. आज शेजारच्या शेवंताबाई दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून ओरडल्या, "भाऊ, जाळा त्या! बोंडअळी माह्या कपाशीत येईन. तुमाले किड्याची दया येते, माही काहून नाई?"

जीव मारू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. पण पऱ्हाटीवरचं एक वाळकं बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी, जिवंत. जमिनीला जपा, माणसांना जपा, उरेल ते वाटा, असं नैसर्गिक शेतीच्या शिबिरात शिकलो. बाईंच्या वाट्याला मी अळीच दिली का?

ते बोंड अजून खिशात आहे. पूजेला बसलो, नाम ओठांवर येईना. उद्या पऱ्हाट्या पेटवणार, जाळात आधी हे बोंड टाकणार. पण अळ्या धुरा ओलांडून गेल्या असतील तर?