एका अक्षराचा डबा

४ मार्च, मंगळवार
नात आजही ताटावरून उठली! दोन घास खाल्ले न खाल्ले. हिच्या ऑफिसात रक्तपेढीसाठी कॉम्प्युटरचं काम चाललंय, सोमवारपासून तिथे सुरू व्हायचंय. — हे पेन गळतंय मेलं, बोटं निळी झाली.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. कॉम्प्युटरात अक्षरं ठेवायला म्हणे डबे असतात. एका डब्याचं नाव कॅरेक्टर, त्यात एकच अक्षर मावतं. दुसरा मोठा, स्ट्रिंग, त्यात अक्षरांची माळच्या माळ. लगेच कळलं मला! चौथीतून घरी बसवलेली मी! इतकी खूश झाले, म्हटलं, "एवढंच ना? मग तोंड का पाडलंस?"

"रक्तगट एका अक्षराच्या डब्यात ठेवलाय, आजी."

ए मावला, बी मावला, ओ मावला. एबी आला की? बी गळतो, नुसता ए उरतो! म्हणजे एबी रक्ताच्या पिशवीवर ए ची चिठ्ठी. ती ए वाल्याला चढवली तर माणूस जायचा!

आणि कॉम्प्युटर हूं की चूं करत नाही. माझ्या डब्यात मावलं नाही तर ओट्यावर सांडतं, दिसतं तरी! कुठल्या गाढवाने केलं हे?

५ मार्च
नातीने साहेबाला सांगितलं. तो म्हणतो, "आधी उद्घाटन होऊ दे. मग गुपचूप बदलू." गुपचूप! तोवर आजारी माणसं काय थांबून राहणार आहेत?

दुपारी डोळा लागला नाही. शेजारीण आली, तिच्यावरच खेकसले. बिचारी साखर मागायला आली होती.

६ मार्च
गाढव! गाढव! गाढव! — जेवताना म्हटलं. नात मान खाली घालून बसली.

७ मार्च
आज मुलाने तोंड उघडलं. "आई, तू मध्ये पडू नकोस. नवी नोकरी आहे तिची." म्हटलं, "तुला चढवायचं असतं ना ते रक्त, तर उद्घाटनाआधीच धावला असतास!" उठून गेला. जाऊ दे. बापाने पोरीच्या पाठीशी उभं राहायचं की तोंड दाबायचं?

तो डबा करणारा समोर आला ना, कान पिळून विचारणार आहे — चार रक्तगट, तुला एवढंही मोजता येईना?

९ मार्च, रविवार
नात सकाळीच रक्तपेढीत गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून आली. उद्याचं सगळं थांबलं. साहेबाचा फोन आला, उद्यापासून कामावर येऊ नकोस म्हणून.

मग माझ्यासमोर येऊन बसली. "आजी, पीळ कान. तो डबा मीच केला होता."

पिळला. मग सोडवेना.