कमरेचा लाल दोरा

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय ओवी,

अनेक आशीर्वाद. रोज फोन होत असताना बाबांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. कारण शेवटी येईल. जन्मभर शाळेत हेडक्लार्की केली; आधी पार्श्वभूमी आणि मग मुद्दा, ही सवय आता जायची नाही. शिवाय आपल्या वेबसाइटची हकीकत आईने तुला निम्मीच सांगितली आहे, आणि उरलेली निम्मी जास्त मजेची आहे.

आईच्या शिवलेल्या नऊवाऱ्या पेठेबाहेर जाव्यात म्हणून मी साइट केली, तेव्हा तू किती हसली होतीस! वर गणपती, त्याखाली निवृत्तीच्या दिवशीचा माझा शाल-श्रीफळ घेतलेला फोटो, मग आमचा अल्प परिचय, जो मुळीच अल्प नव्हता, आणि 'तक्रार लेखी स्वरूपात करावी' अशी सूचना. नऊवारी कुठे होती? पार तळाशी. वर 'मंगळवारी बंद' असंही लिहिलं होतं. बाबा, वेबसाइटला कसली साप्ताहिक सुट्टी, असं तू विचारलंस तेव्हा मी ती पाटी लगेच उतरवली. पण 'बाईला नऊवारी हवीय, तुमचं चरित्र नको' हे तुझं बोलणं लागलं आणि पटलंही. त्याच आठवड्यात माझा फोटो आणि परिचय काढून मी साइटवरूनही निवृत्त झालो.

मग फोटोंचा घोळ. हँगरवर टांगलेली नऊवारी वाळत घातलेल्या पायजम्यासारखी दिसत होती. शेवटी शेजारच्या आरोहीला ती घालायला लावली. तिला ऑफिसला उशीर होत होता, म्हणून स्कूटरवर बसलेलाच फोटो काढला. पहिल्या पानावर तो फोटो, खाली किंमत आणि फोन करायला एक ठसठशीत बटण, बस्स. त्या स्कूटरने कमाल केली. गौरी-गणपतीच्या आधी नाशिकपासून नागपूरपर्यंतच्या बायकांनी आईला श्वास घेऊ दिला नाही.

आणि मग पार्सलं परत यायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच, कमरेत घट्ट. हे आईने तुला हसत हसत सांगितलं, पण प्रत्यक्षात ती दोन दिवस धड जेवली नव्हती. पेठेतल्या बायकांना ती इतकी वर्षं शिवून देते, एक कपडा कधी परत आला नाही. मी टेप घेऊन प्रत्येक नऊवारी बायकांनी साइटवर भरलेल्या मापाच्या फॉर्मशी ताडून पाहिली. शिवण्यात सूतभरही चूक नव्हती. काठ लावायला येणाऱ्या सारजाबाईंनी उभ्या उभ्या निकाल दिला, "आवं सायेब, बाईमाणूस कमरंचा आकडा खरा लिवतंय व्हय? म्या तर डाक्टरला बी न्हाय सांगत." मी साइटवर लाल अक्षरांत 'माप अचूक भरावे' असं टाकलं. त्यानंतर आणखी दोन परत आल्या.

तेव्हा आई म्हणाली, "अहो, दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर बाहेरगावचं शिवण बंद." ओवी, मी घाबरलो. साइट काय, माझा रिकामपणचा उद्योग. पण पेठेबाहेरचं कुणीतरी पहिल्यांदाच 'मालतीताईंची नऊवारी' म्हणत होतं, आणि ते ऐकून तिचा चेहरा कसा फुलायचा हे मी रोज बघत होतो. ते बंद पडलेलं मला बघवलं नसतं.

तोडगा तिनेच काढला, तोही माझ्यावर चिडून. मी फॉर्ममध्ये आणखी रकाने घालत बसलो होतो. ती म्हणाली, "रकाने वाढवू नका, काढून टाका. आकडा विचारूच नका कुणाला." आता त्या पानावर एवढंच आहे: कमरेला लाल दोरा गुंडाळा, उंचीला पांढरा धरा, कापा आणि पाकिटात घालून पाठवा, आकडा तुम्ही बघू नका, आम्ही कुणाला सांगणार नाही. सगळं जग पोस्ट सोडून वेबसाइटकडे निघालंय आणि आपण बायकांना वेबसाइटवरून पोस्टात धाडतोय, म्हणून मी कुरकुर केली. तिने लक्ष दिलं नाही.

नवरात्र बसलं तरी एक पाकीट येईना. मशीन झाकून ठेवायला आईने एक जुनी चादर धुऊन ठेवली होती. मी गॅलरीत पोस्टमनची वाट बघत उभा. ललितापंचमीला पहिलं पाकीट आलं, पुण्याहून, कुणा सौ. भार्गवीचं. आत दोन दोरे आणि चिठ्ठी: हिरवी नऊवारी हवी, कमरेत शिवण जरा जास्त सोडावी. आईने लाल दोरा बोटांवर ताणला, आणि त्या घटकेपासून तिची स्वारी जी खुशीत आहे, ती आजपर्यंत. मशीनवर बसून गाणं म्हणते. मला दुसरा चहा न मागता मिळतो. पुढे पाकिटांची रीघ लागली. दोऱ्यावर शिवलेली एकही नऊवारी परत आलेली नाही, आणि दिवाळीपर्यंत नवी ऑर्डर घेऊ नका म्हणून आता तीच मला ओरडते. मालतीताईंना वेबसाइट चांगलीच मानवली, असं पेठेत बोलतात.

आता मुद्दा. बाळ, त्या पहिल्या पाकिटावरचं अक्षर तुझं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचले, लेकीचं अक्षर ओळखणार नाही का? आईला धीर यावा म्हणून तू तुझ्या खालच्या मजल्यावरच्या भार्गवीच्या नावाने ऑर्डर पाठवलीस, हे कळलं आणि मला भरून आलं. पण मी आईला सांगायच्या आधी तिनेच मला सांगितलं. यंदाच्या गुढीपाडव्याला तुझी नऊवारी शिवल्यापासून तुझं माप तिच्या बोटांत आहे. "अहो, ही आपल्या ओवीची कंबर," ती म्हणाली, "आणि दोन बोटं वाढलीय." मी म्हटलं, बाहेरचं खाणं वाढलं असेल. तर म्हणाली, "मग शिवण जास्त सोडायला का सांगितलीय, ते सांगा." आणि रडत रडत हसायला लागली. तुम्ही अजून कुणाला सांगत नाही, तर आम्हीही विचारणार नाही. तुला आणि अनीशरावांना वाटेल तेव्हा सांगा. फोनवर माझ्या तोंडून निसटलं असतं, म्हणून हे पत्र लिहून हिरव्या नऊवारीच्या घडीत ठेवतोय. पार्सलवर नाव भार्गवीचंच आहे, ती तुला आणून देईल. शिवण आईने तू सांगितलीस त्याच्या चौपट सोडली आहे. म्हणते, डोहाळजेवणाला हीच बसली पाहिजे.

तुझाच, कुणाला काहीही न सांगणारा,
बाबा