लोवेलच्या डस्टरचा मागचा उजवा कोपरा

मार्लोव्हिल, ओहायो
१४ मे २००९

प्रिय व्हर्नाताई,

धाकट्या भावाचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे तिकडच्या कोरड्या हवेत वळणावर आले असतील आणि ट्यूसॉनचं ऊन तुला मानवत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. अर्लीनचा खोकला गेला, माझी पाठ मात्र आहे तिथेच आहे. तुझ्या परसातला आंबट देठांचा रुबार्ब यंदा इतका माजलाय, की अर्लीन दर रविवारी त्याच्या आंबटगोड पेस्ट्र्या भाजून चर्चला नेते आणि लोक आता आम्हांला बघून रस्ता बदलतात. तुझ्या घराचं छत, नळ, टपालपेटी सगळं ठाकठीक आहे. गॅरेजबद्दल पुढे लिहितोच.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलंच असेल. ताई, फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला गप्प करतेस (लहानपणी पहिल्याच वाक्याला करायचीस, म्हणजे सुधारणा आहे), आणि मला जे सांगायचंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही. तेव्हा खुर्चीत बस, चष्मा लाव, आणि पत्र फाडायचंच झालं तर शेवटपर्यंत वाचून फाड.

गोष्ट लोवेलच्या गाडीची आहे. तू जाताना मला बजावलं होतंस, की डस्टरवर चादर घालून ठेव, महिन्यातून एकदा इंजिन चालू कर, बाकी हात लावू नकोस. चादर मी घातली. इंजिनही चालू केलं. तिसऱ्या कलमाबाबत माझी थोडी ओढाताण झाली, कारण गॅरेजच्या भिंतीवर लोवेलचे ते दोन रुंद टायर सव्वीस वर्षं लटकत होते, आणि त्यांच्याकडे बघितलं की मला लोवेलची शेवटची इच्छा आठवायची. इस्पितळात, जाण्याच्या दोन दिवस आधी, माझा हात धरून तो त्या टायरांबद्दल बोलला होता. मेलेल्या मेहुण्याची इच्छा आणि जिवंत बहिणीची आज्ञा यांच्या मधे सापडलेल्या माणसाची अवस्था तू समजून घेशील अशी मला खात्री नाही, पण आशा आहे.

आता ते टायर चढवायचे म्हणजे नुसतं जुनं चाक काढून नवं लावलं असं होत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला जो पत्र्याचा टोप असतो तो आड येतो, आणि त्याच्याही आत गाडीचा भार पेलणारे स्प्रिंगचे कमानपाटे आड येतात. म्हणून टोप मधोमध कापायचा, तीन इंच रुंद करून पुन्हा जोडायचा, आणि दोन्ही पाटे सरकवून आत, चॅसीच्या खाली न्यायचे. कागदावर हे एका दुपारचं काम दिसतं. मी कागदावरच बघितलं होतं. म्हणून मी एमेट हफमन यांच्याकडे गेलो. एमेटना आता एक्क्याऐंशी पूर्ण झाली, डेंटिंगचं दुकान बंद करून पंधरा वर्षं झाली, पण वेल्डिंगची मशाल हातात दिली की त्यांचा थरथरणारा हात दगडासारखा स्थिर होतो. थरथर नंतर, कॉफीच्या वेळी, व्याजासकट परत येते.

एमेट लगेच तयार झाले नाहीत. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या उजव्या कोपऱ्यापाशी उगाच रेंगाळले, आणि म्हणाले, "ओरिन, डावीकडचं करू. उजवीकडचं राहू दे."

"म्हणजे एकाच बाजूला रुंद टायर?"

"काय बिघडलं? रस्त्यावरच्या माणसाला एका वेळी एकच बाजू दिसते."

मी अर्लीनला घरी येऊन सांगितलं, की एमेटचं डोकं आता चालत नाही. ती म्हणाली, "आणि त्यांना गाडी कापायला बोलावणाऱ्याचं?" मी विषय बदलला.

मार्चमध्ये काम सुरू झालं. डावी बाजू आधी कापली. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी सीटला झळ लागू नये म्हणून मी वर एक जुनी गोधडी टाकली होती. ती जुनी नव्हती हे ती पेटल्यावर कळलं (अर्लीनच्या आईने हाताने शिवलेली होती, ह्या विषयावर माझ्या घरात अजूनही बोललं जात नाही, आणि इतर विषयांवरही फारसं बोललं जात नाही). आग कॉफीने विझवली. मग ॲक्सल खाली काढून त्यावर पाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड केल्या. काम इतकं देखणं झालं, की एमेटनी त्यावरून दोनदा बोट फिरवलं. ॲक्सल गाडीखाली चढवला तेव्हा असं लक्षात आलं, की वेल्डिंग करताना तो स्टँडवर गोल फिरला होता. इंजिनाकडून येणारा दांडा जिथे जोडायचा, ते तोंड समोर बघण्याऐवजी सरळ आकाशाकडे बघत होतं. एमेट म्हणाले, "एवढ्या श्रद्धेने वर बघणारं मी चर्चमध्येसुद्धा कुणाला बघितलं नाही." बैठका कापून पुन्हा जोडण्यात आठवडा गेला.

पाट्यांचं आणखी एक. ह्या जातीच्या पाट्यांत डावा वेगळा, उजवा वेगळा. उजव्यात जास्त पानं असतात, कारण जोरात निघताना गाडी त्या अंगाला बसते. हे खोक्यावर लिहिलेलं होतं. खोकं मी कचऱ्यात टाकलं होतं. त्यामुळे पहिल्यांदा जमिनीवर उतरवली तेव्हा तुझी डस्टर खांबापाशी उभ्या राहिलेल्या कुत्र्यासारखी एक पाय उचलून उभी राहिली. पुन्हा सगळं खोललं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे केलं. आता सरळ उभी आहे. माझी पाठ नाही.

मग उजवी बाजू. एमेट तीन दिवस आलेच नाहीत. मी वाट बघून एकट्यानेच ग्राइंडर उचलला, टोप कापून काढला आणि टॉर्च घेऊन आत डोकावलो. ताई, बाहेरून आरशासारखा दिसणारा तो जांभळा पत्रा आतून ठोकून ठोकून काढलेला होता. पत्रा ओढून घ्यायला रांगेत पाडलेली भोकं होती आणि प्रत्येक भोकातून खड्डे बुजवायची लांबी पिळून बाहेर येऊन वाळलेली होती. म्हणजे हा कोपरा कधीतरी चांगलाच आत गेला होता. मला वाटलं, लोवेल लबाड, कुठेतरी ठोकून आला आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही. तेवढ्यात मागे चाहूल लागली. एमेट दारात उभे होते. हातात त्यांची टोपी होती.

"ते माझं काम आहे," ते म्हणाले, आणि उपड्या बादलीवर बसले.

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, निदान अर्धं. त्र्याऐंशीचा नोव्हेंबर. लोवेल हरणांच्या शिकारीला मिशिगनमध्ये. तू गाडी काढलीस, दाणागोट्याच्या दुकानामागे रिव्हर्स घेतलीस, आणि तिथला काँक्रीटचा खांब तुला दिसला नाही. सव्वीस वर्षं स्कूलबस चालवलीस तू, एक ओरखडा नाही, जिल्ह्याने ढाल दिली, ती अजून तुझ्या बैठकीत टांगलेली आहे. त्या आठवड्यात तू एमेटच्या दुकानात जाऊन रडलीस. (एमेट म्हणाले, "व्हर्नाला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मला वाटलं कुणी गेलं.") त्यांनी पाच दिवस दुकान बंद ठेवून तेवढंच काम केलं, आणि तुला शब्द दिला, की हे कुणाला कळणार नाही. तो त्यांनी पाळला. उजवी बाजू राहू दे म्हणत होते ते ह्याचसाठी, आणि मी त्यांना म्हातारचळ लागला म्हणत होतो.

आता उरलेलं अर्धं. हे लिहू की नको ह्यावर एमेटचं आणि माझं दोन दिवस भांडण झालं. लोवेल परत आल्यावर आठवड्याभराने एमेटकडे गेला होता. चर्चच्या आवारात, तिरक्या उन्हात त्याला जांभळ्या रंगात एवढासा फरक दिसला होता. तो एमेटना म्हणाला, "काम झकास झालंय. मला तीन दिवस लागले शोधायला. तिने आपणहून सांगितलं तर मी पहिल्यांदाच ऐकतोय. नाही सांगितलं तर मला काही दिसलेलं नाही. कळलं?" म्हणजे एमेटनी दोघांना दोन शब्द दिले आणि एकाच डोक्यात ते सव्वीस वर्षं वेगवेगळे सांभाळले.

आणि ताई, मग मला ते टायर आठवले. ते त्याने त्याच उन्हाळ्यात आणले होते. हिवाळ्यात बसवायचे ठरलं होतं, तूच त्याला माप धरायला मदत केली होतीस. डिसेंबरात मात्र तू अचानक म्हणालीस, की गाडीचा पत्रा कापलास तर बघ. आम्ही सगळे हसलो, बायकोला घाबरतो म्हणून त्याला उभा जन्म चिडवलं. मी सगळ्यांत जास्त. तू कापू देत नव्हतीस कारण आतलं दिसलं असतं. तो कापत नव्हता कारण आत काय आहे ते त्याला माहीत होतं. टायर खाली उतरवले असते तर तू विचारात पडली असतीस, म्हणून त्याने तेही उतरवले नाहीत. दर वर्षी पुसून ठेवायचा.

आता मला एक दुरुस्ती करायची आहे. वर मी लोवेलची शेवटची इच्छा असं लिहिलंय. इस्पितळात तो टायरांबद्दल बोलला हे खरं. पण त्याचे शब्द असे होते: "ते कुणाला तरी देऊन टाक. गाडीला मागून हात लावू नकोस, ओरिन." मला वाटलं तापात बोलतोय. खरं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. त्याच्यामागे त्या गॅरेजात जाऊन बसायला मला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि नुसतं बसायला गेलो तर अर्लीन विचारायची, काय करतोस तिथे. तुम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता जे झाकलं, ते मी ग्राइंडरने उघडलं. ह्याची माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत. म्हणूनच आधी पाटे आणि ॲक्सल इतके लिहिले.

गाडी छान झाली आहे. मागून अशी रुंद बसलीय, की लोवेलने बघितली असती तर काही बोलला नसता, फक्त एक फेरी मारून पुन्हा मागे येऊन उभा राहिला असता. (त्याचे टायर मात्र शिळ्या पावासारखे तडकलेले निघाले. नवे घ्यावे लागले, त्याच मापाचे.)

प्रकृतीला जप.

तुझा भाऊ,
ओरिन

ता. क. गॅरेजबद्दल. नव्या पाट्यांनी गाडी मागून चार इंच उंच झाल्यामुळे ती दारातून बाहेर येईना. दाराची वरची चौकट थोडी कापायला तुझी परवानगी हवी आहे. अर्लीन म्हणते, खरं लिही. चौकट मंगळवारी कापली.

ता. क. दोन. खरी विनंती ही, की त्या उजव्या कोपऱ्याचं काय करायचं ते तू सांग. जुनी लांबी खरवडून पत्रा नव्याने घडवता येईल, किंवा आहे तसाच ठेवून आतून टोपाने (सध्या तो नुसता बसवलाय) कायमचा झाकता येईल. एमेट म्हणतात, "व्हर्नाला शब्द दिलाय. ती सांगेपर्यंत मी त्याला बोट लावणार नाही."

ता. क. तीन. हे पत्र मी टपालात टाकणार होतो. अर्लीनने आधी वाचलं आणि म्हणाली, "हे तिने त्या स्वयंपाकघरात एकटीने वाचायचं? बॅग भर." तेव्हा हे शेवटचं तुझ्या दारासमोर, स्टीअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. पाच दिवस लागले, वाटेत फक्त दोनदा पाट्यांचे यू-बोल्ट आवळावे लागले. पाकीट अर्लीन आणून देईल. तिचा ह्यात काही दोष नाही, तिला आत घे. मी गाडीतच बसतो. एमेट मागच्या सीटवर आहेत. टोप रुंद केल्यामुळे सीट अरुंद झालीय आणि ते ओक्लाहोमापासून तिथे अडकले आहेत, दोघांनी ओढल्याशिवाय निघणार नाहीत. वाचून झालं की खिडकीचा पडदा सरकव. गाडी मुद्दाम अशी लावली आहे, की उजवा कोपरा तुझ्याकडे येईल. सकाळचं ऊन तिरकं आहे. रंगातला फरक तुला तिथूनही दिसेल.