पैलवानाची पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

सबमिशन शुक्रवारी. जर्नलमधली बारा प्रॅक्टिकल, त्यातली माझी अकरा झाली. सातवं राहिलंय – ईसीजी. प्रत्येकानं स्वतःची पट्टी काढून चिकटवायची, खाली मोजमापं लिहायची.

वर्गातल्या एकोणीस जणींच्या पट्ट्या मीच काढून दिल्यात. छातीवरच्या सहा जागा मला न बघता सापडतात. मुली म्हणतात, हात गार असतो तुझा, पण काम पटकन होतं.

माझी नाही काढली. कुणी विचारलं तर सांगते – झालीय, घरी राहिली.

४ फेब्रुवारी

आज पैलवानाची काढली. त्याला हजेरी घेतानासुद्धा पैलवानच म्हणतात. खरोखरच कुस्ती खेळतो. वजन एकशे आठ. मुलांपैकी कुणी त्याच्या वाटेला जात नाही म्हणून माझ्याकडे आला. चिकटपट्ट्या ओढताना छातीचे केस उपटले तर डोळ्यांत टचकन पाणी!

नाडी सेहेचाळीस. घाबरला. बंद पडतंय की काय, म्हणाला. मी समजावलं – कमावलेलं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून ठोके कमी लागतात. त्याला फार बरं वाटलं. मला हे सगळं पाठ आहे. प्रश्न आला की उत्तर बाहेर पडतं, मी मध्ये नसतेच.

पट्टी दोनदा छापली. एक त्याला. एक माझ्या वहीत.

५ फेब्रुवारी

चिकटवली. वर माझं नाव लिहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जर्नल दिलं. घरी आले. आई आधीच आलेली होती.

आई बस डेपोत चौकशीच्या खिडकीवर असते. अमुक बस कुठं लागते, तमुक किती वाजता सुटते. दिवसभर लोकांना उत्तरं देते, घरी आल्यावर तिला प्रश्न नको असतात. आमचं बरं चाललंय. मी विचारत नाही, ती विचारत नाही. भांडी ती घासते, पुसते मी.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाच्या पलंगावर आई वाळलेले कपडे आणून टाकते. आधी मला ते चमत्कारिक वाटायचं. आता घड्या मीच घालते, त्याच पलंगावर बसून.

चौदा महिने झाले. लिहून ठेवते, कारण कधीच लिहिलं नाही. क्लबचा फुटबॉलचा सरावाचा सामना होता. तो बचावाला खेळायचा, पण त्या दिवशी चेंडू घेऊन पुढं गेला होता. परत धावत आला आणि आपल्या गोलजवळ पडला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता. सगळे तिकडं बघत होते. तो पडलाय हे कळायला अर्धा मिनिट गेलं म्हणे. वय चोवीस.

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. क्रीडा आणि व्यायामशास्त्र. त्याच्यामुळंच घेतलं – त्याचा क्लब, त्याचे गुडघे, त्याचे बूट, घरात दुसरा विषयच नसायचा. दहा दिवसांनी कॉलेजला परत गेले. सगळ्यांना वाटलं, खंबीर आहे पोरगी. खंबीर कसली! रडूच आलं नाही. अजून नाही आलं.

११ फेब्रुवारी

लॅबच्या मॅडमनी बोलावलं. या वर्षीच आल्यात, त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नाही. टेबलावर माझं जर्नल, सातवं प्रॅक्टिकल उघडलेलं.

“हे हृदय कुणाचं?”

माझं म्हटलं.

“तुझं वजन बावन्न. हीच पट्टी शंभर किलोच्या वरच्या माणसाच्या जर्नलमध्येही आहे. नाडी सेहेचाळीस. आणि तू दोन जिने चढून आलीस की दाराला धरून उभी राहतेस, मी रोज बघते. पैलवानाचं आहे ना?”

त्या रागावल्यासुद्धा नाहीत. दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, झोप.

वर दोन ट्यूबलाइट आहेत. डावीकडची किंचित निळसर. एकोणीस जणींना तिथं झोपवलं मी, पण वर काय दिसतं हे आज कळलं.

त्यांनी पट्टी काढली. बघितली. वायर परत नीट लावल्या, पुन्हा काढली. मग तिसऱ्यांदा. मला उलट बाजूनं दिसत होतं, तरी वाचता आलं. शेवटच्या तीन ओळींत ज्या लाटा वर जायला हव्यात त्या खाली गेल्या होत्या. खोल. पुस्तकात हे चित्र आहे. ते पान मी कधी उघडत नाही.

घरात कुणाला हृदयाचं काही? – मॅडम. मी म्हटलं, भाऊ. आहे कुठे तो? मी म्हटलं, नाहीये.

त्या माझ्या पायांशी बसून राहिल्या. पायावर हात ठेवला होता. मला फक्त हाताचं वजन कळत होतं.

१२ फेब्रुवारी

कॉलेजला गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

१३ फेब्रुवारी

लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहावं.

दादाचा शवविच्छेदनाचा अहवाल माझ्याकडं आहे. कपाटात, जुन्या वह्यांच्या खाली. आईनं तेव्हा विचारलं होतं काय लिहिलंय, मी म्हटलं हृदय बंद पडलं. खोटं नाही. पण लिहिलंय ते असं – हृदयाचा स्नायू जाड, डाव्या कप्प्याची भिंत एकवीस मिलिमीटर. अर्धी पुरली असती. आणि शेवटची ओळ – जवळच्या नातेवाइकांची तपासणी व्हावी.

नातेवाईक म्हणजे मी.

गेले नाही. मरायची भीती म्हणून नव्हे. तपासायला गेलं की डॉक्टर एक प्रश्न विचारणार, हे मला माहीत होतं. त्याला आधी काही त्रास होत होता का? अभ्यासक्रमातच आहे तो प्रश्न.

होत होता. जाण्याआधी तीन आठवडे. मी जिन्यात बसून वाचत होते. तो वर आला, शेजारी बसला, म्हणाला, “काय डॉक्टर, पळताना डोळ्यांसमोर अंधारी येते हल्ली. दोनदा आली. छातीत फडफडतं.” चेष्टेच्याच सुरात. मी त्याची नाडी धरली. नुकतंच शिकवलं होतं ना! घड्याळ लावून मोजली, बहात्तर. आणि अगदी डॉक्टरसारखा चेहरा करून सांगितलं – पाणी कमी पडतंय तुला, मीठ-साखर घालून पी. तो म्हणाला, आईला सांगू नकोस, निवड होऊ दे.

पीत होता बिचारा. मैदानावर बाटली सापडली, मीठ-साखरेचं पाणी. क्लबच्या लोकांनी पिशवीत घालून घरी आणून दिली. मी ती मोरीत ओतली आणि बाटली धुऊन ठेवली.

१४ फेब्रुवारी

जेवताना आईला सांगितलं. माझी पट्टी बरोबर आली नाही, मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलंय. तिनं घास खाली ठेवला.

विचारलं एवढंच – कधी जायचं. मंगळवार म्हटलं. ती उठून डेपोतल्या मैत्रिणीला फोन करायला गेली, पाळी बदलून घ्यायला. ताट तसंच.

१५ फेब्रुवारी

काही नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं.

अकराची वेळ होती, साडेबाराला आत घेतलं. आई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसून होती, बस चुकेल अशी. आधी इको झाला. अंधारी खोली, छातीवर गार जेल. पडदा माझ्याकडं वळवलेला होता. माझं हृदय हलताना पाहिलं. मन लावून काम करणाऱ्या बाईसारखं वाटलं, कुणाकडं न बघणाऱ्या. भिंत सतरा.

त्याची एकवीस, माझी सतरा.

मग डॉक्टरांच्या खोलीत. डॉक्टर तरुण, बोलायला सावकाश. घराण्यात कुणी अचानक गेलंय का? आई म्हणाली, या पोरांचे वडील. अडतिसाव्या वर्षी, झोपेत. लोक म्हणाले पुण्यवान माणूस, हाल झाले नाहीत. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुण्यवान हा शब्द सोडून.

आणि मुलगा? – डॉक्टरांनी विचारलं, मॅडमच्या चिठ्ठीत होतं ते.

अहवाल मी नेला होता. टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला, आईला नीट समजावून सांगितला, शेवटच्या ओळीसकट. आई माझ्याकडं बघत नव्हती. कागदाकडंच.

मग तो प्रश्न आलाच.

“त्याला आधी काही त्रास होत होता का? चक्कर, धडधड?”

आई गप्प. तिला काय माहीत असणार! मी म्हटलं, हो. आणि सगळं सांगितलं. जिना, अंधारी, नाडी बहात्तर, पाणी. तिच्यासमोर. माझा आवाज अगदी व्यवस्थित होता, तोंडी परीक्षेसारखा.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला हे कळणं शक्य नव्हतं. चांगले आहेत. पण मला कळणं शक्य नव्हतं म्हणूनच मी त्याला ज्याला कळतं अशाकडं पाठवायला हवं होतं, त्याचं काय? हे तिथं बोलले नाही. इथं लिहितेय.

मला गोळ्या. पळायचं नाही, वजन उचलायचं नाही, चालायला हरकत नाही. महिन्यानं पुन्हा तपासणी, मग छातीत यंत्र बसवायचं की नाही ते ठरेल. डॉक्टरांनी काय शिकतेस विचारलं. सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

येताना बसमध्ये आई खिडकीपाशी. पूर्ण रस्ता बाहेर बघत. उतरताना मात्र माझा दंड धरला, पायरी उंच होती म्हणून. वर येईपर्यंत सोडला नाही.

१९ फेब्रुवारी

आई कामाला गेली. माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

सातव्या प्रॅक्टिकलला दहापैकी शून्य. पुन्हा करून द्यायचं. मॅडमनी काढलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक चिकटवली, खाली मोजमापं लिहिली. निष्कर्ष – या रकान्यात सगळ्यांनी ‘सामान्य’ लिहिलंय. मी खरं ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

पैलवानाला सांगून टाकलं की तुझी पट्टी माझ्या नावावर खपवली होती. तो म्हणाला, “अगं, मागायची तरी, रंगीत काढून दिली असती.” मग त्याला पुढचं सांगितलं. त्यानं माझी सॅक काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि जिना माझ्या चालीनं चढला, एकेक पायरी. एवढा मोठा माणूस, किती हळू चालता येतं त्याला. वर पोचल्यावर धापा तोच टाकत होता, मला बरं वाटावं म्हणून. वाईट अभिनय.

हसले. आवाज ऐकून मलाच नवल वाटलं.

२१ फेब्रुवारी

नाडी सकाळी अठ्ठावन्न. गोळ्यांमुळं.

आई अजून बोलत नाही. म्हणजे बोलते – दूध आणलंय, दार लाव. दादाच्या पलंगावरचे कपडे आज तिनं स्वतः उचलले आणि चादर बदलली. मी दारात उभी होते. वाटलं, आता म्हणेल. म्हणाली, उशीची खोळ दे.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा पिताना आईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली –

“आईला सांगू नकोस म्हणाला तुला, ते मला पुन्हा घोर नको म्हणून. तो आधी माझ्याकडंच आला होता. अंधारी येते म्हणाला. डेपोत सुट्टी मिळेना, दवाखान्यात कोण नेणार. मीच म्हटलं, बहिणीला दाखव, ती तेच शिकतेय ना.”

मी खुर्ची सरकवून तिच्याजवळ गेले. तिचा हात गार होता. मग मला रडू आलं.