पथकाला उपाध्यायाची चिठ्ठी पाहिजे

रवि. ता. ५ जाने. १९३६
आज गोदेच्या वाळवंटात तरुण पथकाची कवायत. खाकी चड्ड्या, शिट्ट्या, बिगूल! मी सरळ आत घुसलो. कवायतीचे मास्तर म्हणाले, बिगूल वाजवून दाखव. गावाकडं वरातीत तुतारी फुंकलेला मी. एका दमात असा फुंकला की पलीकडच्या घाटावरचे लोक वळले. "बिगूल तुझा," मास्तर म्हणाले. शपथ पुढच्या रविवारी. पण नियम आहे. कुठल्याबी धर्माचा चालतो, बिनधर्माचा नाही. उपाध्यायाची नायतर मौलवीची चिठ्ठी आणायची, की हा आमचा.

मंगळ. ७
कारखान्यात माझ्या शेजारी घागरी ठोकतो तो युसूफ, येवल्याचा. त्याला चिठ्ठी मिळाली पण! दहा वेळा खिशातनं काढून दाखवली. "क्या रे सातारकर, तुझे देव तेहतीस कोटी, चिठ्ठी एकाचीबी नाय?"
हसलो. पण माझ्या वडलांनी, आबांनी, घरात भट कधी येऊ दिला नाही. बहिणीचं लग्नसुद्धा स्वतःच लावलं. मला कोण देणार?

गुरु. ९
खाडा करून रामकुंडावर. पायरी उतरतोय तोवर दोघा भटांनी धरलं, गाव कोणतं, आडनाव काय. गाव सांगितल्यावर एका म्हाताऱ्या उपाध्यांकडं नेलं. त्यांनी आमच्या गावच्या घराण्यांची हातभर लांब वही काढली. पणजोबाचं नाव! आजोबाचा अंगठा! इतक्या लांब परक्या गावात माझी माणसं! काटाच आला अंगावर.
खाली आबांच्या हातची ओळ, मोडीत. मला मोडी कुठली. उपाध्यांनीच वाचली: "आईच्या क्रियेला वेदाचे मंत्र मागितले. तुम्हांस अधिकार नाही म्हणाले. यापुढे आमचे घरचे कोणी येथे नाव लावणार नाही."
"नाही म्हणाले ते माझे वडील. मी बाजूलाच बसलो होतो," म्हातारा म्हणाला. मग दौत पुढं केली. "या ओळीखाली तुझं नाव लिही. चिठ्ठी आत्ता देतो."
टाक उचलला. परत ठेवला. आबांच्या खाली कसं...

शुक्र. १०
मास्तरांना सगळं सांगितलं. विचारलं, ती ओळच उतरवून आणली तर?
"त्यात धर्म कुठाय रे?"
"मंत्रच मागितले होते की, मास्तर."
मास्तरांनी मिशी ओढली. "आण. पथकाच्या मंडळापुढे ठेवतो. शब्द देत नाही."

शनि. ११
सुटलो की धावत रामकुंड. म्हाताऱ्यानं मोडीतली ओळ बाळबोधीत स्वतः उतरवून दिली. खाली लिहिलं, "माझ्या वहीवरून, खरी आहे," आणि सही ठोकली. मी म्हटलं, यात माझं नाव? "वहीत तू कुठं लिहिलंस?" पण हसला.

रवि. १२, सकाळ
युसूफनं कागद तीनदा वाचला. "उपाध्याची सही आहे ना? मग चिठ्ठीच झाली!"
झाली का? आबांचा नकार, त्याखाली उपाध्याची सही. मंडळाचे लोक आलेत म्हणे. युसूफ दारातनं ओरडतोय, चल की लवकर. आधी बिगूल मीच वाजवायचा, मग शपथेला एकेकाचं नाव पुकारणार. माझं पुकारतात का, बघू.