पातळ नोंद

६ जानेवारी
पनवेलच्या कॉलेजात रुजू झालो. लायब्ररी झकास, एसीसुद्धा चालतो! ग्रंथपाल आशालता म्हात्रे मॅडमनी पोहे खाऊ घातले आणि लगेच कामाला जुंपलं. बऱ्याच कॉलेजांचा मिळून एकच कॅटलॉग आहे. जो तो आपापली नोंद घुसडतो, म्हणून एकेका लेखकाच्या दोन-दोन नोंदी झाल्यात. त्या मी मर्ज करायच्या. जाड, म्हणजे जास्त पुस्तकांची नोंद ठेवायची, पातळ तिच्यात घालायची. सहा महिने चूक झाली नाही तर नोकरी पक्की. फोनवर ऐकून आईचा जीव भांड्यात पडला.

१४ जानेवारी
दयाराम कोळी दोन निघाले. एक पुण्याचे प्राध्यापक, ढीगभर पुस्तकं. दुसऱ्याचं एकच, खाडीतल्या मासेमारीवर. पुस्तकं उघडून बघायचा कंटाळा आला. एकच माणूस असणार. केले मर्ज.

१६ जानेवारी
गव्हाणच्या शांतीबाई कोळी आल्या. नवरा दयाराम परवापासून बेपत्ता, आणि गावात कोणाला तो आठवतच नाही म्हणाल्या. त्याचं पुस्तक इथे आहे, त्यावर फोटो आहे. मी पुस्तक काढलं. फोटो प्राध्यापकांचा. शांतीबाईंनी त्यावर बोट आपटलं. "ह्यो आमचा मानूस नाय!"

मर्ज उलटवता येतं, पण मॅडमची सही लागते आणि चूक माझ्या नावावर चढते. पुस्तक परत कपाटात ठेवून दिलं.

१७ जानेवारी
शांतीबाई पुन्हा आल्या. दारातच थबकल्या, ओशाळं हसल्या. "मी हितं कशाला आले, तुमाला ठाव हाय का?" नाही म्हणालो. रिक्षात बसवून दिलं. सुटलो एकदाचा! खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. कळंबोलीला खोलीवर जाताना पापलेट घेतलं.

२९ जानेवारी
डुप्लिकेटच्या यादीत माझंच नाव. इनॉक नागावकर, दोन. एक इस्रायलमधला, अश्दोदचा, नऊ पुस्तकांचा. दुसरा मी, माझा फक्त प्रबंध. मर्ज सुरू झालंय. दुसऱ्या कॉलेजच्या स्नेहलने केलंय. फोनवर तिच्या हातापाया पडलो, आम्ही दोघं वेगळे, जरा उघडून तर बघ. ती वैतागली. एवढ्या नोंदी पडल्यात, उघडत कोण बसतंय, म्हणाली.

३० जानेवारी
हजेरीचं मशीन अंगठा घेत नाही. मॅडमकडे धावलो, सहीसाठी. त्यांनी गोड आवाजात विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी ओरडलो, शांतीबाईंचंही सगळं सांगितलं — वॉचमनने दंड धरून बाहेर —

३१ जानेवारी
आईला फोन केला. राँग नंबर म्हणाली. तिचा इनॉक अश्दोदला असतो, नऊ पुस्तकं लिहिलीत त्याने. केवढं कौतुक आवाजात. माझ्याबद्दल असं कधीच —

पुन्हा लावतो. हनुवटीवरचे टाके सांगेन. पायरीवरून पडलो तेव्हा तीच घेऊन —

हनुवटीवर काहीच नाही.

उचलला तिने. आई, ठेवू नकोस, मी तुझा —